प्रदर्शनात वेबसाइट ठेवली तर चालेल का?

पत्र

ताई, मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. फाइन आर्ट्सला पेंटिंग केलं आणि आता काही वर्षं अलकापुरीतल्या एका ऑफिसात वेबसाइट डिझाइन करते. माझे काका शाळेत चित्रकला शिकवायचे. मला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. यंदा गौरी-गणपतीला सगळे जमले होते तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पेंटिंग सोडलंस आणि दुकानांच्या पाट्या करायला लागलीस. त्या पाट्याही धड राहत नाहीत, दोन वर्षांत पुसून नव्या लावतात. आणि बघणाऱ्याला त्या कुणी केल्या हेही ठाऊक नसतं." मला उत्तर सुचलं नाही.

दिवाळीनंतर आमचा कॉलेजचा ग्रुप प्रदर्शन भरवतोय. माझ्याकडे दाखवण्यासारखा कॅनव्हास नाही. ऑफिसची दोन-तीन चांगली कामं आहेत. शिवाय रात्री बसून स्वतःसाठी केलेली एक वेबसाइट आहे. आमच्या गल्लीतल्या पाडलेल्या वाड्याचं मी शाईनं काढलेलं चित्र तिच्यावर आहे, आणि कुणी पान उघडलं की त्यातली एक वीट कायमची जाते. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, वेबसाइट म्हणजे पोर्टफोलिओ, कलाकृती नव्हे. वेबसाइट डिझाइनला कला म्हणता येतं का, की मी स्वतःची समजूत घालतेय?

— एक वाचक, बडोदा

उत्तर

तू ताई म्हणालीस, म्हणून मी सरळ अगं-तुगंवर येते. उत्तर आधी देते, कारणं मागाहून. वाड्याची वेबसाइट प्रदर्शनात ठेव. ऑफिसची कामं ठेवू नकोस. ती कमी दर्जाची आहेत म्हणून नव्हे. त्यांच्याबद्दल मला पुष्कळ बोलायचंय.

पत्रात काकांना तू अर्धं पान दिलंस आणि वाड्याला एकच वाक्य. मला ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे आणि तू त्याच्यावरून घाईनं पुढे गेलीस.

समज, हाच वाडा तू कॅनव्हासवर रंगवला असतास. निम्मा पडलेला, कोरीव खांब उघडे पडलेले, झरोक्यातून पलीकडचं आकाश दिसतंय. बघणारा दोन मिनिटं थांबला असता, त्याला वाईट वाटलं असतं आणि तो पुढच्या चित्राकडे गेला असता. त्याच्या बघण्यानं तुझ्या चित्राचं काही कमी-जास्त झालं नसतं. तुझ्या पानावर मात्र बघणं आणि पाडणं एकच आहे. जो प्रेमानं बघायला येतो तोही एक वीट नेतो. जो उद्या येईल त्याला आजचा वाडा दिसणार नाही. जुन्या बडोद्यातले वाडे असेच गेले ना? कुणी एकानं येऊन पाडले असं झालं नाही. वाटण्या, भाडेकरू, पार्किंगची गरज, मुलं परगावी, दुरुस्तीचा खर्च. प्रत्येकानं आपापली वीट काढली आणि प्रत्येकाकडे त्याचं कारण होतं. तू ते कुठेही लिहिलेलं नाहीस. पान उघडणाऱ्याच्या बोटाकडून तू ते करवून घेतेस.

कागदावर हे होणार नाही आणि सिनेमातही नाही. त्यासाठी चित्राची एकच प्रत लांब कुठल्या तरी सर्व्हरवर हवी, ती सगळ्यांची सामाईक हवी आणि कुणीतरी आलं हे तिला कळायला हवं. हे तिन्ही फक्त वेबवर जमतं. माझी कसोटी हीच आहे: जे सांगायचंय ते या माध्यमाबाहेर सांगता आलं असतं का? "नाही" असं उत्तर आलं, आणि सांगणाऱ्याला खरंच काही सांगायचं असलं, तर ती कलाकृती. मग ती तैलरंगात असो, दगडात असो की ब्राउझरमध्ये.

याच्याच जोरावर मी तुला थोडी धारेवरही धरणार आहे, कारण माझ्या मते काम अजून पुरं झालेलं नाही.

पान कुणी उघडलं, हे तू कसं मोजतेस? पानाची मागणी सर्व्हरवर आली की एक आकडा कमी, असं असेल तर माणसांच्या आधी बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम, तुझा वाडा पाडतील. शोधयंत्रांचे बॉट दिवसरात्र पानं उघडत असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली की खाली जो छोटा चौकोन दिसतो, तो दाखवायलाही पान आपोआप मागवलं जातं. म्हणजे तुझ्या मैत्रिणीनं "बघ गं" म्हणून लिंक नुसती पुढे ढकलली तरी एक वीट गेली असेल, आणि वाडा कुणी पाहिलेलाही नसेल. हे तू चालू देणार का? बॉट गाळून फक्त माणसं मोजता येतात. वीट पान मागवल्यावर न काढता, चित्र पूर्ण दिसल्यावर किंवा कुणी स्क्रीनला बोट लावल्यावर काढता येते. ऑफिसात कुणी विचारलं असतं तर हा तांत्रिक प्रश्न म्हणून तू दहा मिनिटांत निकालात काढला असतास. इथे तो तसा नाही. न बघता पुढे पाठवणाऱ्यानंही वाडा पडतो असं तुला म्हणायचं असेल तर बॉट राहू देत. त्यात एक कडू सत्य आहे. बघणाऱ्याच्या प्रेमानंच वाडा पडतो असं म्हणायचं असेल तर बॉट गाळ. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण वाडा तुझा, तेव्हा ठरव तू.

तसंच, एकाच माणसानं पान पुन्हा उघडलं तर पुन्हा वीट जाते का? आणि सगळ्या विटा संपल्या की काय दिसतं? याचा तू काहीच उल्लेख केला नाहीस, म्हणजे बहुधा अजून ठरवलेलं नाहीस. एक मोह होईल, तो मी आधीच सांगून ठेवते. प्रदर्शनासाठी आकडा मागे नेऊन वाडा पुन्हा पूर्ण उभा करावासा वाटेल, येणाऱ्यांना छान दिसावा म्हणून. तसं करू नकोस. "कायमची जाते" असं तू म्हटलं आहेस. तो शब्द मोडलास तर उरेल ती फक्त एक करामत. उद्घाटनाला वाड्याची नुसती जोती शिल्लक असली तरी तीच दाखव.

हे असलं काही करणारी तू पहिली नाहीस, हेही माहीत असू दे. एकटं वाटणार नाही. वेबवरचं पहिलं पान १९९१ मधलं, त्यावर मजकूर आणि दुवे यांपलीकडे काही नव्हतं. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातले काही कलाकार ब्राउझरकडेच साहित्य म्हणून बघायला लागले. रशियन कलाकार ओल्या लिआलिना हिनं १९९६ मध्ये युद्धावरून परतलेला मित्र आणि त्याची मैत्रीण यांच्यातलं तुटक बोलणं वेबपानावर मांडलं. काळी पार्श्वभूमी, धूसर चित्रं, मोजके शब्द. क्लिक केलं की चौकट दुभंगते, तिच्यातून आणखी लहान चौकटी निघतात, आणि दोघांचं बोलणं तुकड्या-तुकड्यांत वाटलं जातं. त्या काळी ब्राउझरची खिडकी चौकटींत विभागायची सोय नवी होती आणि लोक ती मेन्यू डावीकडे ठेवायला वापरत होते. तिनं तीच सोय दोन माणसांतला दुरावा दाखवायला वापरली. 'जोडी' या नावानं काम करणाऱ्या दोघांच्या एका पानावर नुसती हिरवी, अगम्य चिन्हं दिसत. पानाचा मूळ कोड उघडून पाहिला की त्यात बॉम्बची आकृती निघायची. चित्र पडद्यावर नव्हतं, पडद्यामागे होतं. तुझ्या मित्राला पोर्टफोलिओ आणि कलाकृती यांतला फरक दाखवायचा असेल तर ही दोन उदाहरणं पुरे आहेत. पोर्टफोलिओ दुसऱ्या कामांकडे बोट दाखवतो. ही पानं स्वतःपलीकडे कुठेही बोट दाखवत नाहीत.

याच संदर्भात एक उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि त्याच्याशी मी सहमत नाही. २००३ मध्ये डेव्ह शे यानं 'सीएसएस झेन गार्डन' सुरू केलं. मजकूर आणि पानाचा सांगाडा सगळ्यांना तोच. डिझाइनरनी फक्त सीएसएस, म्हणजे पानाचे रंग, अक्षरं आणि मांडणी ठरवणारा कोड, बदलायची. शेकडो रूपं आली, काही फार देखणी. लोक ते दाखवून म्हणतात, बघा, वेब डिझाइन ही कला आहे. मला ते उलट दिसतं. तोच मजकूर शंभर रूपांत तितकाच चालत असेल तर त्यातलं कुठलंच रूप त्या मजकुराला अपरिहार्य नाही. ते कसबाचं फार उत्तम प्रात्यक्षिक होतं आणि ते पाहून कित्येक डिझाइनर घडले. पण तुझ्या वाड्याचा मजकूर काढून दुसरा घालता येत नाही. फरक तिथे आहे.

आता ऑफिसची कामं.

मी छापील मांडणीच्या कामात वर्षं घालवली, तेव्हा तुझ्या रोजच्या कामाचं मोल मला कळतं असं समज. किंबहुना तुझं काम अधिक अवघड, कारण मला कागदाचा आकार ठाऊक असायचा. तुला तो कधीच ठाऊक नसतो. हे या माध्यमात मुळापासूनच आहे. १९९४ मध्ये होकून वियूम ली यानं सीएसएसची कल्पना मांडली तेव्हाच तिच्यात हे गृहीत होतं की पान कसं दिसावं यात बनवणाऱ्याबरोबर वाचणाऱ्याचंही म्हणणं चालेल. १९९६ च्या डिसेंबरात तिचा पहिला प्रमाणित आराखडा आला. तरी डिझाइनर कितीतरी वर्षं तक्त्यांच्या चौकटी लावून पान कागदासारखं घट्ट बांधायची धडपड करत राहिले. मोबाइल आल्यावर ती धडपड संपली, आणि २०१० मध्ये ईथन मार्कॉटनं पडद्याच्या रुंदीप्रमाणे रूप बदलणाऱ्या मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिलं. आपलं पान आपल्या ताब्यात पूर्ण नसणार, हे मान्य करून काम करणं ही फार मोठी गोष्ट आहे. चित्रकाराला ती शिकावी लागत नाही.

मराठीत काम करताना तर आणखी. रोमन लिपीसाठी बेतलेली ओळींमधली जागा देवनागरीला दिली की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना भिडतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलं नाही, तर ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' बसवलेले असतात त्यातही हिंदी वळणाचे उमटतात. शंभरातल्या नव्वद वाचकांना हे कळणार नाही. पण बालभारतीवर वाढलेल्या आजीला काहीतरी परकं वाटत राहील आणि का ते तिला सांगता येणार नाही. तू अशा गोष्टी सांभाळत असशील, तर तू चांगली कारागीर आहेस.

आणि त्या कामाला मी कला म्हणणार नाही. हे ऐकून खट्टू होऊ नकोस. समज, तू दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचं पान केलंस. ते उघडणाऱ्या माणसाला डायलिसिसची वेळ हवी आहे. त्याला तुझं मन बघायचं नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं, अक्षर दुप्पट मोठं केलं तरी मांडणी मोडू नये, हे सुलभतेचे जगभर मानले जाणारे नियम आहेत. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं टाकून जो डिझाइनर "माझी शैली" म्हणतो तो सत्तरीच्या माणसाचा अपमान करतो. अशा कामात कलावंत होण्याची हौस त्रासदायक ठरते. तिथे तू जितकी दिसत नाहीस तितकं काम चांगलं. वाड्याच्या पानावर मात्र तूच दिसायला हवीस. एकाच हातानं दोन्ही करता येतं, पण दोन्ही एकाच भिंतीवर शेजारी लावलीस तर लोक दवाखान्याच्या पानात कला शोधतील आणि वाड्याच्या पानात सोय. म्हणून ऑफिसची कामं घरी ठेव.

शिवाय कायद्याची बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, मालकाची असते. ती कामं कुठेही मांडायची तर ऑफिसकडून लेखी परवानगी घ्यावी लागेल, पोर्टफोलिओत घालायची असली तरी. वाडा तू घरी, स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या मशीनवर केलास ना? ते पक्कं असू दे आणि तुझ्या नेमणूकपत्रात याबद्दल काही वेगळं कलम आहे का तेही बघून घे. त्याच कायद्यात चित्र, शिल्प, फोटो यांना 'कलात्मक कृती' म्हणताना असंही म्हटलंय की कृतीत कलात्मक गुण असो वा नसो. संगणकाचा प्रोग्राम तर तिथे साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे तुझ्या वाड्याचं चित्र एका खान्यात आणि त्याच्या विटा काढणारा कोड दुसऱ्या खान्यात. कायद्याला हक्क कुणाचा एवढंच ठरवायचं असतं, आणि ते रास्त आहे. कला कशाला म्हणायचं हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

आणि मग काका.

त्यांच्या बोलण्यात तीन आक्षेप आहेत. हे दुकानदारांचं काम, हे टिकत नाही, आणि बघणाऱ्याला यामागचा हात कुणाचा ते कळत नाही. तिन्हींचं उत्तर तुमच्याच गावात आहे, म्हणून मला जरा सविस्तर लिहायचंय.

पैसे देणाऱ्यासाठी केलेलं काम कला नसेल तर कीर्तिमंदिराच्या भिंती पुसाव्या लागतील. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून येऊन १९३९ ते १९४६ या काळात तिथे भित्तिचित्रं करत होते, ती राजघराण्याच्या स्मारकासाठी, सांगितलेल्या जागेत, दिलेल्या मापाच्या भिंतीवर. राजा रविवर्म्याची पुराणातल्या प्रसंगांवरची चौदा चित्रं सयाजीरावांनी मागवून घेतलेली. फतेसिंह संग्रहालयात त्याची चित्रं बघायला लोक लांबून येतात. आणि रविवर्मा तिथेच थांबला नाही. चित्रं घरोघरी पोचावीत म्हणून १८९४ मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला. आपली चित्रं छापावीत हा सल्ला त्याला देणाऱ्यांत बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव होते. त्या छापील लक्ष्मी-सरस्वती किराणा दुकानात लागल्या, कॅलेंडरवर आल्या, काडेपेटीवर आल्या. त्यांना बाजारू म्हणणारे तेव्हाही होते. आज त्याच छापील प्रती संग्राहक जपून ठेवतात.

"पाट्या" म्हणून काकांनी जे नाक मुरडलं ते मला अधिक खटकलं. मुंबईत पोट भरण्यासाठी चित्रकार एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते, आणि पुढे त्यांच्या रेषेत जी झेप दिसते ती त्या मोठ्या फळ्यांवर कमावलेली आहे असं मला वाटतं. बडोद्याला तर हा भेद मुळातच शोभत नाही. १८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढलं तेव्हा चित्रकला, सुतारकाम, कापडाची रंगाई, यंत्रकाम सगळं एका छपराखाली होतं. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि पुढे त्यांच्या हातून जे झालं त्याला त्या वेळी कलेच्या कुठल्याच व्याख्येत जागा नव्हती. नंतर तुझी फाइन आर्ट्सची फॅकल्टी निघाली. तिथे इंदूरचे चित्रकार बेंद्रे आले, के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन यांनी हातमाग मंडळात डिझाइनचं काम केलं, खेळणी केली, भिंती रंगवल्या, मुलांसाठी चित्रं काढली, आणि यांपैकी कशालाही त्यांनी दुय्यम मानलं नाही. फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांनी हातानं केलेल्या वस्तू गावातले लोक विकत न्यायचे, ते काकांनी पाहिलेलं असणारच. त्यांना त्याची आठवण करून दे. वाद म्हणून नको, गप्पा म्हणून.

टिकण्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टोलवणार नाही. २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा, म्हणजे ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आधार संपला आणि कितीतरी कलावंतांची वर्षांची मेहनत ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. कॅनव्हासला बुरशी लागायला तरी वेळ लागतो. इथे डोमेनचे पैसे भरायचे राहिले की वाडा विटांसकट गेला. पण न टिकणं म्हणजे कला नसणं, असं काका तरी कसं म्हणतील? उस्ताद फैयाझ खाँ बडोद्याच्या दरबारात गायले, त्यातल्या बहुतेक मैफली ऐकणाऱ्यांबरोबरच संपल्या. मोजक्या ध्वनिमुद्रिका उरल्या. म्हणून त्या रात्री कलेच्या हिशेबातून कुणी वजा केल्या नाहीत. तुझ्या कामात तर नाहीसं होणं हाच विषय आहे.

तिसरा आक्षेप, हात न दिसण्याचा. तो ऑफिसच्या कामाला लागू आहे आणि तिथे ते योग्यच आहे, हे वर लिहिलं. वाड्याला तो लागू नाही, कारण ती रेघ तुझी आहे. आणि ती रेघ कुणी घडवली? काकांनी. मला वाटतं, त्यांच्या बोलण्यातला राग पाट्यांबद्दलचा नाही. त्यांनी शिकवलेला हात आता चित्र काढत नाही, या समजुतीचा आहे. ती समजूत दूर करायला युक्तिवादाची गरज नाही. वाड्यासाठी कागदावर काढलेली मूळ चित्रं तुझ्याकडे असतील, ती घेऊन एखाद्या रविवारी त्यांच्याकडे जा. आधी कागद दाखव, त्यांना झरोक्याच्या महिरपीतल्या चुका काढू देत, ते काढतीलच. मग फोन त्यांच्या हातात दे आणि सांग की हे उघडलं की एक वीट जाणार आणि परत येणार नाही. उघडायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. तो वाडा त्यांनी तुझ्यापेक्षा जास्त पाहिलाय.

त्यानंतरही ते "पण ही पेंटिंग नव्हे" म्हणाले तर मान्य कर. ती पेंटिंग नाहीच. आणि एका बाबतीत त्यांचं ऐक: हात सुटू देऊ नकोस. कोड जमणारे पुष्कळ आहेत, तयार टेम्पलेटवर तासाभरात साइट उभी करणारे त्याहून जास्त. तो खांब, ती महिरप शाईनं काढणारी तू आहेस म्हणून वीट गेल्याचं दुःख होतं. टेम्पलेटमधला वाडा पडला असता तर कुणाला काय वाटलं असतं?

प्रदर्शनाबद्दल आता थोडं कामाचं.

स्क्रीनशॉट छापून फ्रेममध्ये लावू नकोस. तो या कामाचा फोटो झाला, काम नव्हे. एक टॅब्लेट किंवा मोठा पडदा ठेव आणि तो अशा ठिकाणी ठेव की माणसाला स्वतःहून पुढे यावं लागेल, बोट लावावं लागेल. पान आपोआप उघडं राहिलं आणि दर मिनिटाला ताजं होत राहिलं तर बघणाऱ्याकडून निर्णय काढून घेतल्यासारखं होईल. क्यूआर कोड लावायचा का? लाव, म्हणजे हॉलबाहेरही वाडा पडत राहील. पण आत उभ्या असलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटानं गेलेली वीट दिसली पाहिजे. पडदा थेट सर्व्हरशी जोडलेला ठेव. हॉलच्या वायफायवर विसंबू नकोस, स्वतःचं हॉटस्पॉट ने. आदल्या दिवशी तिथे जाऊन सगळं चालवून बघ.

नोंदीही ठेव. कोडची प्रत, मूळ चित्रांचे स्कॅन, ठरावीक दिवसांनी पानाचं व्हिडिओ चित्रण, आणि कुठल्या दिवशी किती विटा उरल्या त्याची साधी वही. काम संपल्यावर हेच उरणार आहे, आणि पुढे कुणी विचारलं तर दाखवता येईल. या नोंदी मात्र प्रदर्शनात नकोत.

मित्राशी भांडू नकोस. त्यानं अजून ते पान उघडलंय का, एवढं विचार. उघडलं नसेल तर त्याचं मत ऐकायची घाई नाही.

शेजारच्या कार्डावर 'डिजिटल आर्ट' लिहू नकोस. त्या नावाखाली हल्ली काहीही खपतं. इतरांच्या कार्डांवर 'कॅनव्हासवर तैलरंग' असेल, तसंच साधं लिही: कामाचं नाव, तुझं नाव, वर्ष, आणि माध्यमाच्या जागी 'कागदावर शाई, वेबसाइट'. वीट जाते हे कार्डावर सांगायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. सांग. एका ओळीत, पडद्याच्या आधी वाचता येईल अशा ठिकाणी. माणसाला माहीत असताना त्यानं बोट पुढे केलं पाहिजे, नाहीतर तू त्याला फसवल्यासारखं होईल आणि तो वाड्याऐवजी तुझ्यावर चिडेल.